आठवण, विस्मरण आणि पडझड: गिरणगावावर चार मिनिटांचा ॲनिमेशनपट कसा करावा

आठवणी आणि समाजाची पडझड हा विषय घेऊन केलेले विद्यार्थ्यांचे लघुपट पाहिले की बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडलेलं दिसतं. पहिल्याच आठवड्यात म्हाताऱ्या पात्राचं सुंदर डिझाइन होतं, दुसऱ्या आठवड्यात धुक्यातली पार्श्वभूमी होते, आणि पुढे तीन महिने गोष्ट शोधण्यात जातात. आवाज शेवटच्या चार दिवसांत इंटरनेटवरून उतरवला जातो आणि त्यात पियानो असतोच.

हा विषय अवघड आहे, पण क्रम पाळला तर एका माणसाला किंवा दोघातिघांना झेपतो. उदाहरण म्हणून मुंबईचं गिरणगाव घेतो. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. एवढा इतिहास पटकथेला पुरतो. ‘मागे घेतलाच गेला नाही’ हा भाग मात्र अधोरेखित करून ठेवा, पुढे लागेल.

टप्पा 1: चित्रपट एका वाक्यात बसवा

कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. काय कोसळलं? ते कुणाला आठवतं? आणि त्या माणसाचं आता काय हरवत चाललंय? तिन्ही उत्तरं एकाच वाक्यात, एकाच माणसापाशी यायला हवीत.

माझं उदाहरण खानावळवालीचं. गिरणगावात एकट्याने राहणारे कोकणातले, साताऱ्याकडचे कामगार घरगुती खानावळीत जेवत. एखादी बाई आपल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात पाळीच्या वेळेप्रमाणे पंगती उठवायची. संपानंतर कामगारांची नोंद कशी ना कशी उरली: तिकीट नंबर, प्रॉव्हिडंट फंड, ईएसआयचं कार्ड. म्हाडाच्या घरांसाठी अर्ज करताना हेच कागद प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर निघतात. खानावळवालीकडे गिरणीचा एकही कागद नाही. ती कुठल्याच हजेरीपटावर नव्हती.

म्हणून वाक्य असं: ‘जिच्या नावावर गिरणीचा एकही कागद नाही, अशा बाईच्या आठवणीतच पंगत उरली आहे आणि आता तिला विस्मरण होऊ लागलं आहे.’

तपासणी: वाक्यातून पडझड काढून टाका. आजीच्या विस्मरणाची गोष्ट तशीच उभी राहिली, तर तुमच्याकडे दोन वेगळे चित्रपट आहेत आणि ते गोंदाने चिकटवले आहेत. विस्मरण काढून पाहा. फक्त संपाचा माहितीपट उरला, तरी तेच. दोन्ही वेळा वाक्य लंगडं झालं पाहिजे.

टप्पा 2: ऐकायला जा, पण भावना विचारू नका

लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड इथे त्या काळातली माणसं अजून भेटतात. गावी परतलेली तर कितीतरी. ‘संपाबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारलंत की वर्तमानपत्री उत्तर मिळतं, कारण ते उत्तर त्यांनी शंभर वेळा दिलेलं असतं. हातांबद्दल आणि वेळेबद्दल विचारा.

‘मावशी, ताटं मांडायला दारापासून सुरुवात करायचात की मोरीकडून?’

‘पहिल्या पाळीचे जेवून उठले की तीच ताटं घासायची की दुसरी काढायची?’

‘काका, रात्रपाळी करून आल्यावर झोपायला जागा कुठे? दिवसा तिथे कोण असायचं?’

अशा प्रश्नांना माणसं हात हलवून उत्तर देतात आणि तुम्हाला हवी ती हालचाल तिथेच असते. ताट सरकवताना बाईचा डावा हात जमिनीवर टेकलेला असतो, हे कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. त्याचं तिथेच, वहीत, पाच रेघांचं स्केच करा. फोटो नंतर काढा.

रेकॉर्डिंग मोबाईलवर चालेल. फोन फ्लाइट मोडवर, पंखा बंद, फोन रुमालावर ठेवलेला. शक्य असल्यास 48 किलोहर्ट्झवर, वेव्ह फाईल. बोलणं संपल्यावर उठायच्या आधी त्याच खोलीची एक मिनिट शांतता रेकॉर्ड करा. ती टप्पा 9 मध्ये लागते आणि तेव्हा परत जाता येत नाही.

परवानगी सुरुवातीलाच आवाजात घ्या: कशासाठी रेकॉर्ड करताय, कुठे दाखवणार, नाव हवं की नको.

सावधान: घरात विस्मरणाचा आजार असलेलं माणूस असेल, तर त्यांना ‘ओळखलंत का मला?’ ‘आज वार कोणता?’ असं विचारू नका. ती परीक्षा असते आणि त्यात नापास होणं त्यांना कळतं. घरच्यांनी होकार दिला तरी कॅमेरा लावू नका. बसा, पाहा, बाहेर येऊन लिहा. आणि जे लिहाल ते तीन-चार घरांतून गोळा करून एका पात्रात घाला, म्हणजे कुणाची आजी कुणालाच ओळखू येणार नाही.

आजाराची तीन वैशिष्ट्यं इथे फार उपयोगी पडतात. नव्या आठवणी सहसा आधी जातात आणि जुन्या मागे राहतात. हाताला बसलेली सवय नावांपेक्षा जास्त टिकते. आणि अनेकांची अस्वस्थता, गोंधळ संध्याकाळी वाढतो. आपल्या गोष्टीसाठी यापेक्षा नेमकं काही सापडलं नसतं: संध्याकाळ, जेवणाची वेळ आणि हात.

टप्पा 3: पडझडीचा क्रम लावा

समाज कोसळतो म्हणजे नेमकं आधी काय बंद पडतं? इथे बरेच जण दगडफेक, जळणारे टायर आणि कोसळत्या इमारती काढतात. गिरणगावाची पडझड तशी नव्हती. ती हप्त्याहप्त्याने झाली. एका घराच्या उंबऱ्याच्या आत राहून यादी करा:

1. गिरणीचा, पाळीची वेळ सांगणारा भोंगा वाजत नाही.
2. पगार नाही, म्हणून खानावळीची उधारी वाढते.
3. वाणी उधार देणं थांबवतो.
4. काही गडी गावी जातात, ‘संप मिटला की येतो’ म्हणून.
5. घरातली पितळेची भांडी मोडीत जातात.
6. राहिलेल्यांपैकी कोणी भिवंडीच्या यंत्रमागावर जातो, कोणी भाजीची गाडी लावतो.
7. गावी गेलेले परत येत नाहीत.

सातवी पायरी दिसत नाही, कारण तिला तारीखच नाही. म्हणूनच संप कधी मागे घेतला गेला नाही ही गोष्ट महत्त्वाची. पटकथेत ‘शेवटचा दिवस’ शोधत बसू नका. तसा दिवस नव्हता. उत्कर्षबिंदूसाठी मोर्चा घालायचा मोह होईल, तो आवरा.

सावधान: एका बाजूला गिरणीची चिमणी आणि शेजारी काचेचा टॉवर, हा शॉट आता काही वर्षं तरी बंद ठेवावा. इतक्यांनी केलाय की पाहणारा डोळ्यांनी तो ओलांडून जातो.

टप्पा 4: परत परत येणारा एक शॉट निवडा

सगळ्या चित्रपटाचा कणा हा आहे आणि चुकाही इथेच सर्वात जास्त होतात, म्हणून जरा थांबतो.

स्मृती दाखवण्याचं चित्रपटातलं सर्वात स्वस्त आणि सर्वात नेमकं साधन म्हणजे पुनरावृत्ती. एकच जागा, एकच कॅमेरा, एकच कृती. दर वेळी एक गोष्ट बदलते. पाहणाऱ्याला कुणी काही सांगत नाही, पण मागच्या वेळचं त्याला आठवतं, आणि ‘इथे काहीतरी होतं’ हे त्याचं त्यालाच जाणवतं. आठवणींबद्दल बोलणारी पात्रं मग लागतच नाहीत.

आपला शॉट: गाळ्याच्या शहाबादी फरशीवर भिंतीला लागून ताटांची ओळ. आजीचे, म्हणजे आपल्या खानावळवालीचे, हात एका टोकापासून ताटं मांडत जातात. माणसांच्या फक्त मांड्या आणि गुडघे दिसतात, चेहरे नाहीत. कॅमेरा पंगतीला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, अजिबात न हलणारा.

हा शॉट सहा वेळा येतो. 1981 ला बारा ताटं, बारा माणसं, मागे भोंगा. दुसऱ्यांदा तेच, फक्त ऋतू वेगळा. तिसऱ्यांदा 1982, ताटं बाराच, पण भोंगा नाही. चौथ्यांदा आठ. पाचव्यांदा दोन. आणि सहाव्यांदा, 2015 मध्ये, पुन्हा बारा ताटं आणि समोर कोणी नाही.

दुसरी आवृत्ती ‘उगाच’ वाटते आणि विद्यार्थी ती हमखास कापतात. कापू नका. घडी मोडलेली दिसायला ती आधी बसलेली दिसावी लागते, आणि एकदा पाहिल्याने घडी बसत नाही. याच कारणाने सुरुवात 2015 च्या एकाकी आजीपासून करून फ्लॅशबॅकमध्ये जाणंही टाळा. सुरुवात भरल्या पंगतीने होऊ द्या.

फाईलची मांडणी अशी करा. सर्वात मागे भिंत आणि फरशी. त्यावर उजेडाचा स्वतंत्र थर. मग प्रत्येक ताट वेगळ्या थरावर, म्हणजे बारा थर. मग बसलेली माणसं, मग आजीचे हात, सर्वात पुढे दाराची चौकट. हे कंटाळवाणं काम पहिल्याच दिवशी करा. नंतर ‘चौथं ताट काढून टाक’ म्हणजे एका क्लिकचं काम होतं, नाहीतर शंभर चित्रं खोडावी लागतात.

तपासणी: पहिली आणि सहावी आवृत्ती एकावर एक ठेवून पाहा. भिंतीतला खिळासुद्धा हलता कामा नये. बदलायचं ते ठरवून बदला: दिनदर्शिका, भिंतीचा रंग, स्टोव्हच्या जागी गॅस. चुकून हललेली चौकट आणि मुद्दाम हलवलेलं ताट यांत पाहणाऱ्याला फरक कळत नाही. त्याला दोन्ही गोष्टी अर्थपूर्णच वाटतात.

प्रतीकं मात्र एकच ठेवा. ताटं घेतलीत तर उधारीच्या कोळशाच्या रेघा, विझता दिवा, उडणारं कबूतर यांना रजा द्या. विशेषतः कबुतराला.

टप्पा 5: विस्मरणाचा नियम ठरवा

विस्मरण म्हणजे धूसर चित्र, वाळूसारखा विरघळणारा चेहरा, फाटणारा फोटो, असं समीकरण झालंय. हे तिन्ही इफेक्ट सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतात हेच त्यांच्या विरोधातलं कारण पुरेसं आहे. शिवाय जुना काळ पिवळट करण्याचीही गरज नाही. आजीच्या मनात 1981 हे आजच्यापेक्षा जास्त लख्ख आहे.

ॲनिमेशनकडे स्वतःचं साधन आहे: मधली चित्रं, म्हणजे हालचालीच्या दोन मुख्य चित्रांना जोडणारी. एका सेकंदाला 24 फ्रेम असतात आणि हाताने काढताना आपण बहुधा प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरतो, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. तरुणपणीची खानावळवाली याच वेगाने हलू द्या. 2015 च्या आजीच्या हालचालींतून मधली चित्रं काढून घ्यायला लागा. आधी एक चित्र चार फ्रेम टिकेल. मग हात ताटाकडे निघेल, अर्ध्यात आठ-दहा फ्रेम थांबेल आणि पुढच्याच चित्रात पुढच्या ताटावर असेल. मधलं गेलं कुठे? तिलाही माहीत नाही.

पण ताट फरशीवर टेकवतानाची हालचाल कधीही तोडू नका. हाताची सवय टिकते असं आपण म्हटलं आहे, तर ती चित्रातही टिकली पाहिजे. म्हणजे नियम दोन झाले: जाणं-येणं तुटतं, मांडणं तुटत नाही. तिसरा नियम घालू नका.

हे दोन सेकंदांच्या नमुन्यावर करून पाहा. पाहणाऱ्याला फाईल अडखळतेय असं वाटलं, तर थांबे वाढवा. चुका लहान असल्या की तांत्रिक वाटतात आणि मोठ्या असल्या की हेतू दिसतो.

टप्पा 6: आवाजाचा कच्चा मार्ग, चित्रांच्या आधी

होय, स्टोरीबोर्डच्याही, म्हणजे शॉटच्या क्रमवार कच्च्या चित्रांच्याही, आधी. या चित्रपटात काळ आवाजाने सरकतो. चार मिनिटांची रिकामी टाइमलाइन ऑडेसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि भोंगा, रॉकेलच्या स्टोव्हला मारलेला पंप आणि त्याची फर्रफर्र, जर्मनच्या पातेल्यावर आदळणारा पळीचा आवाज, लाकडी जिन्यावरची पावलं, फरशीवर टेकणारं ताट हे सगळं जागच्या जागी ठेवा. कच्चं असू द्या. भोंगा तोंडाने काढून रेकॉर्ड केलात तरी या टप्प्यावर चालेल.

स्टोव्ह जुन्या बाजारात मिळतो, आणि ताट व फरशी खरीच हवी. टेबलावर ठेवलेल्या ताटाचा आवाज फरशीवरच्या ताटासारखा येत नाही. पंगतीत जेवलेल्या माणसाला तो फरक लगेच कळतो.

सावधान: मागे रेडिओवर जुनं सिनेगीत वाजवायचा मोह सगळ्यांना होतो. हक्क घेतल्याशिवाय ते वापरता येत नाही, आणि महोत्सवाच्या अर्जात तुम्हाला हक्क असल्याचं लिहून द्यावं लागतं. तुकारामांचा अभंग शब्द म्हणून मोकळा आहे, पण कुणी गायलेलं रेकॉर्डिंग मोकळं नाही. गिरणगावात भजनी मंडळं आजही आहेत. त्यांच्याकडून गाऊन घ्या, लेखी संमती घ्या, आणि चहापाण्यापलीकडे काही मानधनही द्या.

टप्पा 7: स्टोरीबोर्ड आणि ॲनिमॅटिक

स्टोरीबोर्ड चिकटचिठ्ठ्यांवर काढा, म्हणजे क्रम बदलताना जीव दुखत नाही. एक चिठ्ठी, एक शॉट, दोन मिनिटांत काढलेला. मग त्यांचे फोटो आवाजाच्या मार्गावर टाकून ॲनिमॅटिक, म्हणजे चित्रपटाचा वेळेत बसवलेला कच्चा आराखडा, करा.

आता गणित. चार मिनिटं म्हणजे 240 सेकंद, म्हणजे 5,760 फ्रेम. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं तर 2,880 चित्रं. एकटा माणूस नोकरी सांभाळून दिवसाला 12 पक्की चित्रं काढत असेल, तर 240 दिवस. आपला पंगतीचा शॉट आठ सेकंदांचा, म्हणजे 96 चित्रं. सहा वेळा नव्याने काढला तर 576. पण पहिल्यांदा 96 आणि नंतर दर वेळी बदललेली साधारण 30 धरली, तर 246 मध्ये काम भागतं. पुनरावृत्ती कलेलाही उपयोगी आणि पाठीच्या कण्यालाही.

तपासणी, आणि ही तिन्ही करायचीच:

आवाज बंद करून ॲनिमॅटिक पाहा. गोष्ट कळते का?

चित्र बंद करून ऐका. भोंगा कुठे थांबला ते ऐकणाऱ्याला कळलं का?

गिरणगावाशी काही संबंध नसलेल्या तिघांना काही न सांगता दाखवा आणि ‘काय पाहिलं ते सांगा’ एवढंच म्हणा. ‘आवडलं का?’ विचारू नका; सगळे हो म्हणतात. तिघांपैकी दोघांनी ताटं कमी झाल्याचं स्वतःहून सांगितलं नाही, तर शॉट लांबवा. संवाद वाढवू नका.

ॲनिमॅटिक पक्कं होईपर्यंत एकही अंतिम चित्र काढायचं नाही. हा नियम मोडण्यासाठीच आहे असं समजणारे सहा महिन्यांनी सुंदर चाळीस सेकंद कापून टाकताना दिसतात.

टप्पा 8: डिझाइन, रंग आणि चित्रं

पात्राचं डिझाइन इथे येतं, पहिल्या आठवड्यात नाही. आजी संपाच्या वेळी चाळिशीत, 2015 ला सत्तरी ओलांडलेली. दोन वयांत हातांची लांबी आणि अंगठ्याचा बाक सारखा ठेवा. चेहऱ्यापेक्षा हातांची ओळख महत्त्वाची आहे. नऊवारी की पाचवारी, बांगड्या कोणत्या, हे टप्पा 2 च्या वहीतून घ्या, अंदाजाने नको.

1981 च्या गाळ्यात काय असतं? मोरी, पाण्याचं पिंप, पोटमाळा, भिंतीतली फळी, ट्रंका, दोरीवर वाळणारे कपडे, देवाची तसबीर. आणि काय नसतं? खिडकीबाहेर टॉवर, डिश अँटेना, मोबाईल. हसू नका, अँटेना सर्रास दिसते, कारण संदर्भाचा फोटो आजच्या चाळीचा असतो.

रंग आठच्या आत बसवा. ताटांची चकाकी हा सर्वात उजळ रंग ठेवा आणि तो दुसरीकडे कुठेही वापरू नका. नजर आपोआप ताटांवर जाते.

सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवू नका. क्रिता, ओपनटून्झ, ब्लेंडरमधलं ग्रीस पेन्सिल तिन्ही फुकट आहेत आणि तिन्हींत हे काम होतं. ज्यात तुमचा हात बसलाय ते घ्या. चित्रपट सुरू असताना मध्येच सॉफ्टवेअर किंवा त्याची आवृत्ती बदलू नका.

कामाचा क्रम:

1. सगळ्या शॉटची मुख्य चित्रं आधी, कच्च्या रेघेत. ती ॲनिमॅटिकमध्ये बसवून पुन्हा एकदा पाहा.
2. मग सर्वात अवघड शॉट पूर्ण करा, म्हणजे सहावी पंगत. उत्साह आणि वेळ दोन्ही असताना तो व्हायला हवा. शेवटासाठी ठेवलात तर चित्रपटाचा सर्वात महत्त्वाचा शॉट सर्वात थकलेल्या हाताने होतो.
3. मग पहिली पंगत, मग मधल्या आवृत्त्या.
4. उरलेले शॉट.
5. स्वच्छ रेघ आणि रंग सर्वात शेवटी, सगळ्या शॉटना एकदम. एक शॉट पूर्ण रंगवून मग पुढचा, असं केलं की पहिल्या आणि शेवटच्या शॉटची रेघ जुळत नाही.

फाईलची नावं रोमन अक्षरं-अंकांतच ठेवा. काही सॉफ्टवेअर देवनागरी नावांवर अडखळतात. शॉट क्रमांक दहा-दहाच्या अंतराने द्या, म्हणजे मध्ये नवा शॉट घालता येतो. रेंडर, म्हणजे सॉफ्टवेअरमधून बाहेर काढलेलं अंतिम चित्र, पीएनजी फ्रेमच्या मालिकेत काढा. वीज गेली तर व्हिडिओ फाईल पहिल्यापासून करावी लागते, मालिका तुटल्या फ्रेमपासून पुढे चालते. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या घरात.

टप्पा 9: आवाज पक्का करा

कच्च्या मार्गातला प्रत्येक आवाज आता खऱ्याने बदला. तिसऱ्या पंगतीत भोंगा नसतो तिथे बहुतेक जण टाइमलाइन कोरी सोडतात. कोरी टाइमलाइन म्हणजे शांतता नव्हे. पाहणाऱ्याला स्पीकर बिघडल्यासारखं वाटतं. टप्पा 2 मध्ये जमवलेली खोलीची एक मिनिट शांतता इथे घाला. वाटल्यास तिच्यात लांबून नळाचं पाणी. भोंग्याची अनुपस्थिती तेव्हा ऐकू येते.

संगीत घालायचंच असेल तर भरल्या पंगतींच्या वेळी घाला आणि पडझड सुरू होताच काढून घ्या. उलट केलंत, म्हणजे दुःखाला व्हायोलिन लावलंत, की पाहणाऱ्याला काय वाटायला हवं ते तुम्ही सांगून मोकळे झालात.

तपासणी: मिक्स हेडफोनवर, मोठ्या स्पीकरवर आणि साध्या मोबाईलवर ऐका. मोबाईलवर भोंग्याचा खर्ज गायब होतो. त्याच आवाजाचा एक थोडा वरच्या पट्टीचा थर जोडला की तो तिथेही पोचतो.

टप्पा 10: दाखवणं आणि पाठवणं

संवाद जवळपास नसले तरी उपशीर्षकांची वेगळी फाईल ठेवा. सनावळी पडद्यावर हवी का, हा वाद नेहमी होतो. माझं मत: ‘1982’ एवढा आकडा तिसऱ्या पंगतीच्या दिनदर्शिकेवर पुरे. ‘मुंबई गिरणी संप’ अशी पाटी टाकली की माहितीपट सुरू होतो.

महोत्सवांचे नियम पाठवण्याआधी वाचा: लांबीची मर्यादा, चित्रपट आधी ऑनलाइन टाकलेला चालतो की नाही, फाईल कोणती हवी. मुंबईचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे मिफ, माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशन यांसाठीच आहे. फ्रान्समधल्या ॲनसीला फक्त ॲनिमेशन. ऑनलाइन टाकण्याची घाई बरीच दारं बंद करते, एवढं ध्यानात ठेवा. अर्जातल्या सारांशात सहावी पंगत सांगू नका.

पण कुठेही पाठवण्याआधी, अंतिम रेंडरच्याही आधी, ज्यांच्याकडून ऐकलंत त्यांच्या घरी लॅपटॉप घेऊन जा. अभिप्राय मागू नका, चुका विचारा. ताट उलट बाजूने मांडलंय, वाटी डावीकडे आलीय, स्टोव्ह मोरीला इतका चिकटून कुणी ठेवत नाही, रात्रपाळीचा माणूस या वेळी झोपलेला असणार, अशा गोष्टी त्या घरात दोन मिनिटांत निघतात आणि परीक्षकांच्या खोलीत कधीच निघत नाहीत. थर वेगळे ठेवलेत म्हणून वाटी इकडची तिकडे करायला एक दुपार पुरते. ती दुरुस्ती करून मगच अंतिम फाईल काढा, आणि श्रेयनामावलीत त्यांची नावं त्यांनी सांगितली तशीच, त्यांनी सांगितलेल्या अक्षरांत घाला.